जुना आठ मिलिमीटरचा घड्याळजी लेथ: काय दुरुस्त केलं, काय मुद्दाम सोडलं

पार्श्वभूमी

एका हौशी घड्याळ-कारागिराच्या घरच्या कार्यशाळेतलं हे प्रकरण आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि लेथ कोणत्या कंपनीचा होता तेही दिलेलं नाही. कारागिराला पुढे फक्त ‘मालक’ म्हटलं आहे. घड्याळ उघडणं, धुणं, तेल देणं, जुळवणं हे काम त्यांना चांगलं येत होतं. लेथवर, म्हणजे धातू फिरवत कातायच्या यंत्रावर, हात मात्र बसलेला नव्हता. जुन्या खिशातल्या घड्याळांचे बॅलन्स स्टाफ (बॅलन्स चाकाचे बारीक आस) तयार मिळेनासे झाले, तेव्हा ते स्वतः घडवण्याशिवाय मार्ग उरला नाही आणि लेथचा शोध सुरू झाला.

मिळाला तो लाकडी पेटीतला जुना लेथ, वेबस्टर-व्हिटकॉम्ब धाटणीचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत वॉल्थम इथे हा नमुना रूढ झाला. नंतर जर्मन कारखान्यांनीही तो उचलला, म्हणून आजही घड्याळाच्या कामाचे बहुतेक जुने लेथ याच कुळातले निघतात. बेडचा, म्हणजे बाकीचे भाग ज्यावर बसतात त्या दांड्याचा, माथा सपाट, दोन्ही कडा उतरत्या. सेंटरची, म्हणजे फिरण्याच्या अक्षाची, बेडपासून उंची ५० मिमीच्या आसपास. कोलेटचं (काम पकडणाऱ्या फटी असलेल्या नळीचं) अंग ८ मिमीचं. पेटीत बेड, हेडस्टॉक (काम फिरवणारा भाग), टेलस्टॉक (समोरून आधार देणारा भाग), हाताने कातताना अवजार टेकवायचा टी-रेस्ट, ड्रॉबार (कोलेट आत ओढणारा दांडा), २४ कोलेट आणि पायाने चालवायच्या पेडलसह एक जुनी मोटर होती. क्रॉस स्लाइड (अवजार धरून सरकवणारा भाग) नव्हती. स्टाफ हातातल्या ग्रेव्हरनेच (टोकदार कातणीने) कातायचा असल्यामुळे तिची उणीव भासणार नव्हती.

अडचण

स्पिंडल, म्हणजे हेडस्टॉकमधला फिरणारा पोकळ दांडा, हाताने फिरायचा, पण झटके देत. अर्ध्या फेऱ्यात मोकळा, अर्ध्यात जड. तेलाच्या छिद्रांभोवती तपकिरी, रबरासारखा थर साचला होता. कोलेट जिथे बसतो ती आतली उतरती जागा काळवंडली होती. बेडवर गंजाचे ठिपके होते आणि कडेला निकेलचा मुलामा पापुद्र्यासारखा सुटला होता. हेडस्टॉकवरचा आणि टेलस्टॉकवरचा क्रमांक जुळत नव्हता, म्हणजे दोन वेगवेगळ्या लेथांचे भाग कधीतरी एकत्र आले होते. मोटरच्या वायरवरचं रबर वाकवलं की चुरा होऊन गळत होतं.

यातल्या कशाला खरंच महत्त्व आहे, हा या प्रकरणातला पहिला प्रश्न. डोळ्यांत भरतात ते गंज आणि मुलामा. लेथ चांगला की वाईट हे मात्र स्पिंडलच्या बेअरिंगवर ठरतं. या हेडस्टॉकमध्ये बॉल बेअरिंग नसतात. कडक केलेला पोलादी स्पिंडल कडक केलेल्या पोलादी बुशमध्येच (बेअरिंगच्या कड्यात) फिरतो. दोन्ही टोकांना दोन-दोन उतार असतात. लांबट, जवळजवळ सरळ उतार सुमारे ३ अंशांचा. तो स्पिंडलला मधोमध धरतो. त्याला लागून ४५ अंशांचा आखूड उतार असतो; तो पुढे-मागे सरकू देत नाही. पुढचे उतार स्पिंडलच्याच अंगात कातलेले असतात. मागचे उतार एका वेगळ्या बाहीवर असतात. ती बाही चावीवर (तिला स्पिंडलभोवती फिरू न देणाऱ्या पट्टीवर) सरकते आणि मागचा नट तिला पुढे रेटतो, म्हणजे नट आवळला की दोन्ही टोकांचा खेळ (ढिलाई) एकदम कमी होतो.

ही रचना चांगली राहिली तर शंभर वर्षं चालते. बिघडली तर घरच्या अवजारांनी ती पूर्ववत होत नाही.

पहिला निर्णय: आधी मोजायचं की आधी उघडायचं

मालकांनी आधी उघडलं. पूर्ण प्रकरणात सर्वांत महाग पडलेली चूक हीच, आणि तिचा पत्ता दोन आठवड्यांनी लागला.

हेडस्टॉक घाणेरड्या अवस्थेतही मोजता येतो. डायल इंडिकेटरची (सूक्ष्म हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाची) टोच स्पिंडलच्या नाकावर, म्हणजे पुढच्या टोकावर, टेकवायची, नाकाखाली लाकडी काठी घालून हलकेच उचलायचं आणि काटा किती सरकतो ते लिहून ठेवायचं. घट्ट झालेल्या तेलामुळे हा आकडा खऱ्यापेक्षा कमी येऊ शकतो, त्यामुळे रॉकेलचे चार थेंब घालून स्पिंडल हाताने पंधरा-वीस वेळा फिरवून पुन्हा मोजायचं. हे दोन आकडे हाती असते तर पुढची निम्मी चर्चा उद्भवलीच नसती.

उघडताना

मागच्या नटाचा लॉक स्क्रू सैल करून नट काढला. किती फेऱ्यांत सुटला ते मोजून ठेवलं आणि बाही चावीवर कोणत्या दिशेने बसली होती त्याची खूण केली. हे बरोबर झालं. पुलीचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) काढला आणि स्पिंडल मागून हलकेच ठोकून पुढच्या बाजूने बाहेर काढायला घेतला. तो हलेना. लाकडी हातोडीचा जोर वाढवल्यावर निघाला, पण पुलीच्या खाली १० मिमी लांबीचा ओरखडा घेऊन.

कारण साधं होतं. त्याच छिद्रात पहिल्या स्क्रूखाली दुसरा ग्रब स्क्रू होता. जुन्या यंत्रांत ही सवय सर्रास दिसते, वरचा स्क्रू खालच्याला कुलूप म्हणून असतो. पहिला निघाल्यावर छिद्रात बॅटरीचा उजेड टाकून आयग्लासने (डोळ्याला लावायच्या भिंगाने) पाहिलं असतं तर तळाशी दुसऱ्या स्क्रूची खाच दिसली असती. ओरखडा बेअरिंगच्या भागावर नव्हता, त्यामुळे स्पिंडल वाचला. पण उठलेल्या धारेने ॲल्युमिनियमच्या पुलीचं भोक आतून खरवडलं. जुळणीच्या वेळी स्पिंडलवरची उठलेली धार बारीक दगडाने उतरवली आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून स्क्रूच्या टोकाखाली पितळेची छोटी गोळी घातली. पुली आता सुमारे ०.१ मिमी डोलते. पट्टा तेवढं सहज सोसतो, म्हणून तिच्यामागे लागण्यात अर्थ नव्हता.

बुश ओतीव लोखंडी हेडस्टॉकमध्ये दाबून बसवलेले असतात. ते काढायचे नसतात, आणि काढले नाहीत.

धुणं आणि एका रात्रीतला गंज

साचलेलं तेल रॉकेलने निघतं. मऊ करायला काही तास, मग लाकडी काडीला चिंधी गुंडाळून पुसायचं. उतारांवर धातूचं काही लावायचं नाही. एवढ्याने काम झालं असतं. मालकांनी मात्र घड्याळाचे भाग धुण्यासाठी घेतलेलं पाण्यात मिसळायचं द्रावण वापरलं, वर अल्ट्रासॉनिक टाकीत दहा मिनिटं. भाग आरशासारखे निघाले. गरम हवेने वाळवले आणि तसेच, तेल न लावता, कापडावर ठेवून दिले.

सकाळी पुढच्या ३ अंशांच्या उतारावर नखाएवढ्या जागेत तपकिरी झाक आली होती. तेल पूर्ण निघालेलं कडक पोलाद हवेतल्या दमटपणाने काही तासांत गंजतं. चावीच्या खाचेत अडकलेलं पाणी गरम हवेने निघत नाही, ते हळूहळू बाहेर झिरपतं. पाण्याचं द्रावण वापरायचंच असेल तर लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दोनदा बुचकळून, वाळताक्षणी पातळ तेलाचा हात फिरवायला हवा. त्यात अमोनिया असेल तर पितळेचे भाग त्यात जास्त वेळ ठेवू नयेत.

झाक लाकडी काडी आणि तेलाने चोळून बरीचशी गेली. खाली फिकट डाग राहिला. नखाला खड्डा लागत नव्हता, तरी आयग्लासखाली पृष्ठभाग थोडा खरबरीत दिसत होता.

पर्याय: बेअरिंगचं काय करायचं

इथे चार वाटा होत्या.

पहिली, डाग आहे तसा ठेवून जुळवायचं आणि मोजून बघायचं. दुसरी, हिऱ्याची बारीक पेस्ट लावून स्पिंडल बुशमध्येच फिरवत लॅप करायचा, म्हणजे घासून जुळवायचा. तिसरी, ग्राइंडिंगच्या कारखान्यात देऊन उतार नव्याने घासून घ्यायचे. चौथी, दुसरा हेडस्टॉक शोधायचा.

मालकांचा कल दुसरीकडे होता. पेस्ट घरात होती आणि ‘दोन भाग एकमेकांत घासले की एकमेकांना बसतात’ हे ऐकायला पटतंही. इंजिनच्या व्हॉल्व्हच्या बाबतीत ते खरं आहे, कारण तिथे एकच उतार असतो. इथे दोन उतार एकाच वेळी टेकायचे असतात, आणि गणित त्याच्याच आड येतं.

दर बाजूला ३ अंश धरले, तर लांब उतारावरून त्रिज्येत १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) धातू गेला की स्पिंडल पुन्हा घट्ट बसण्यासाठी त्याला बुशमध्ये सुमारे १९ मायक्रॉन आत सरकावं लागतं. लॅप करताना दोन मायक्रॉन तर सहज जातात. म्हणजे ३८ मायक्रॉन आत सरकणं आलं. पण ४५ अंशांचा उतार आधीच टेकलेला असतो, तो सरकू देत नाही. मग त्या दोन मायक्रॉनचा खेळ कायमचा राहतो. नट कितीही आवळा, जात नाही. उलट ४५ अंशांचा उतार जास्त घासला गेला तर लांब उतार पाचरीसारखा अडकतो आणि स्पिंडल आखडतो. दोन्हींचं प्रमाण हाताने सांभाळणं जमत नाही. शिवाय पेस्टचे कण कुठल्या सूक्ष्म खाचेत राहून गेले तर पुढची कित्येक वर्षं ते लॅपिंग चालूच ठेवतात.

कारखान्याची वाट तत्त्वतः बरोबर होती, पण त्याआधी बेअरिंग खराब आहे हे सिद्ध व्हायला हवं होतं, आणि ते झालेलं नव्हतं. दुसरा हेडस्टॉक आणला असता तर टेलस्टॉकशी न जुळणारा आणखी एक भाग घरात आला असता. म्हणून पहिली वाट निवडली. ती परत फिरता येईल अशी एकमेव वाट होती.

जुळवण्याआधी मार्किंग ब्लूचा (पृष्ठभाग कुठे टेकतात ते दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा) अगदी पातळ हात पुढच्या उतारावर फिरवून स्पिंडल बुशमध्ये टेकवला आणि काढून पाहिला. लांब उतारावर घेराच्या तीन-चतुर्थांश भागात रंग उठला, ४५ अंशांच्या कड्यावर सलग वर्तुळ आलं. डागाच्या जागी रंग नव्हता, म्हणजे ती जागा किंचित खाली होती, वर नव्हे. बेअरिंगमध्ये छोटा खोलगट ठिपका तेल धरून ठेवतो. त्रास होतो तो वर आलेल्या कणाचा.

जुळणी आणि नटाचा शेवटचा अष्टमांश

तेल पातळ स्पिंडल ऑइल, आयएसओ व्हीजी १० दर्जाचं. उतारांमधली फट काही मायक्रॉनची असते. जाड तेलाने स्पिंडल जड होतो आणि तापतो. गंज सोडवायचे फवारे इथे वंगण म्हणून चालत नाहीत. त्यातला पातळ भाग उडून जातो आणि उरतो तो पुन्हा तसाच चिकट थर. मूळ रोगच तो.

नट हाताने टेकेपर्यंत आवळून पहिलं माप घेतलं: नाक वर उचलल्यावर ९ मायक्रॉन. नट एक-अष्टमांश फेरा आवळल्यावर ३ मायक्रॉन. आकडा सुरेख होता, पण मिनिटाला सुमारे १,५०० फेऱ्यांवर वीस मिनिटं चालवल्यावर हेडस्टॉकचं पुढचं टोक हाताला सोसवेना, आणि पट्टा काढून स्पिंडल बोटाने फिरवला तर तो मधेच थांबत होता. थंड असताना घट्ट आणि उत्तम वाटणारी जुळणी तापल्यावर आखडते, कारण स्पिंडलला उष्णता बाहेर टाकायला जागा नसते आणि तो भोवतालच्या ओतीवापेक्षा आधी फुगतो.

नट केसभर सैल केला. खेळ ४ मायक्रॉन आला. वीस मिनिटांनी हेडस्टॉक कोमट, आणि पट्टा काढून बोटाने झटका दिल्यावर स्पिंडल दोन-तीन फेरे फिरून हळूच थांबायचा. इथेच लॉक स्क्रू आवळला. तो आवळताना नट किंचित फिरतो, त्यामुळे माप लॉक केल्यानंतर पुन्हा घ्यावं लागतं. मालकांना हे तीनदा करावं लागलं.

डोलतं काय: स्पिंडल की कोलेट

३० क्रमांकाच्या कोलेटमध्ये, म्हणजे ३.० मिमीच्या, कडक पोलादाची गेज पिन धरली. नाकापासून १० मिमीवर इंडिकेटर लावला तर काटा ३५ मायक्रॉन हलला. ०.१० मिमी जाडीच्या पिव्हटच्या (स्टाफच्या बारीक टोकाच्या) कामासाठी हा आकडा ऐकूनच हात गळतात. इथे बरेच जण नवे कोलेट मागवतात किंवा हेडस्टॉक निकालात काढतात.

त्याऐवजी मोजायची जागा बदलली. कोलेट काढून इंडिकेटरची टोच थेट स्पिंडलच्या नाकावर बाहेरून टेकवली: २ मायक्रॉन. मग आतल्या उतारावर: बहुतेक घेर ३ मायक्रॉन, पण एका जागी काटा एकदम २० वर उडी मारून परत आला. ती जागा कोलेटच्या खाचेत जाणाऱ्या छोट्या खुंटीच्या शेजारी होती. दहापट आयग्लासखाली तिथे उठलेली धार चमकत होती. कधीतरी खाच न जुळवता कोलेट जोराने आत ओढला गेला असणार. त्रिकोणी बारीक अर्कान्सा दगडाने तेवढीच धार उतरवली, शेजारच्या पृष्ठभागाला स्पर्श न करता, दर चार-पाच हलक्या घर्षणांनंतर पुसून आणि मोजून. काट्याची उडी गेली. तीच पिन, तोच कोलेट: १२ मायक्रॉन.

उरलेले १२ कोलेटचे होते, स्पिंडलचे नव्हते. हा फरक कळला की कामाची दिशाच बदलते. कोलेटमध्ये धरलेली सळई कितीही डोलत असली, तरी एकाच पकडीत कातलेला प्रत्येक भाग स्पिंडलच्या अक्षाशी एककेंद्रीच येतो. कोलेटची चूक नडते ती काम काढून उलटं धरताना. बेअरिंगची चूक मात्र प्रत्येक कापात उतरते. म्हणून कोलेट १२ मायक्रॉनचा असला तरी चालतो. स्पिंडल तेवढा असता तर लेथ कामाचा नव्हता.

कोलेटची छाननी

२४ पैकी सगळे धुऊन, खाचांतून तेलात भिजवलेला जाड दोरा ओढून साफ केले. लोखंडाची चुरी खाचेत अडकली की कोलेट एकाच बाजूने बंद होतो.

मग आट्यांचा घोळ निघाला. काही कोलेट ड्रॉबारमध्ये सुरेख सुरू व्हायचे आणि तीन-चार फेऱ्यांनी जड व्हायचे. तेल कमी असेल असं वाटून मालकांनी एक आवळून पाहिला आणि त्याचे आटे सोलवटले. पेटीत दोन जातींचे कोलेट मिसळलेले होते: इंचाला ४० आटे, म्हणजे ०.६३५ मिमी अंतराचे, आणि ०.६२५ मिमी अंतराचे. एका आट्याला फरक ०.०१ मिमी. पहिल्या फेऱ्यांत तो आट्यांच्या सैलपणात लपतो, पाचव्या फेऱ्यापर्यंत साठत जातो आणि अडकतो. ज्या कोलेटला ड्रॉबार बोटांनी शेवटपर्यंत जात नाही, त्याला पकड लावायची नाही. एवढी तपासणी सगळ्यात आधी करायला हवी होती. आट्यांची जात कळण्याआधी मागवलेले तीन ‘नवे’ कोलेटही दुसऱ्या जातीचे निघाले.

जुळणारे १७ उरले. त्यांपैकी चार फाकलेले होते, कोणीतरी छिद्रापेक्षा जाड सळई त्यांत दामटली होती. कोलेट आपल्या मापाच्या फार तर मिलिमीटरचा अर्धा-एक दशांश इकडे-तिकडे धरतो. त्यापुढे त्याचे तीन ओठ समांतर राहत नाहीत आणि काम फक्त तोंडाशी किंवा फक्त तळाशी पकडलं जातं. रिकामा कोलेट आवळणं हीसुद्धा तशीच वाईट सवय, ओठ आत वाकून तसेच राहतात. उरलेल्या १३ कोलेटमध्ये डोलणं ६ ते २८ मायक्रॉन निघालं. प्रत्येकाचा आकडा लिहून पेटीत त्याच्या खाचेशी चिकटवला. फाकलेले चार टाकले नाहीत. टी-रेस्टजवळ ग्रेव्हरचं पातं किंवा पॉलिशची सळई धरायला ते उपयोगी पडतात.

टेलस्टॉक: न जुळणारा भाग

इंडिकेटर हेडस्टॉकमध्ये धरून टेलस्टॉकच्या रनरभोवती (त्यातल्या पुढे-मागे सरकणाऱ्या दांड्याभोवती) फिरवला. वर-खाली फरक ११० मायक्रॉन आला आणि रनर ५५ मायक्रॉन खाली आहे असा निष्कर्ष निघाला. खरं अंतर फरकाच्या निम्मं असतं हे मालकांना माहीत होतं. नजरेतून सुटली ती दुसरी गोष्ट. लांब सडपातळ दांड्यावर बसवलेला इंडिकेटर वर असताना आणि खाली असताना स्वतःच्या वजनाने झुकतो आणि ते झुकणं मापात मिसळतं. आखूड, जाड दांडा वापरल्यावर फरक ८० झाला, म्हणजे रनर ४० मायक्रॉन खाली. आडव्या दिशेने ८ मायक्रॉन.

टेलस्टॉकखाली पत्री घालणं हा सुचणारा पहिला उपाय, आणि या बेडसाठी तो चुकीचा आहे. टेलस्टॉक सपाट माथ्यावर आणि उतरत्या कडांवर मिळून बसतो. माथ्यावर पत्री आली की कडांचा आधार सुटतो आणि प्रत्येक वेळी तो थोडा वेगळा बसतो. हेडस्टॉकचा तळ घासून त्याला खाली आणणं म्हणजे चांगला भाग बिघडवून वाईटाला जुळवणं.

मालकांनी केलं ते असं. रनरच्या टोकात बसेल असा पितळेचा तुकडा कातला. टेलस्टॉक जागेवर आवळून, रनर पुढे आणून आवळला आणि हेडस्टॉकच्या कोलेटमध्ये छोटा सेंटर ड्रिल धरून त्या पितळेच्या तोंडावर खळगा पाडला. खळगा हेडस्टॉकच्या अक्षावरच पडतो, रनर कुठेही असो. अट एकच: रनर पुन्हा त्याच कोनात बसला पाहिजे, म्हणून त्याच्यावर आणि टेलस्टॉकवर एक रेघ ओढली. हा आधार एकाच लांबीला अचूक आहे. रनर २० मिमी आणखी पुढे काढला की थोडा फरक पडतो. आखूड कामाला तो पुरतो. तासाचा उपाय असल्यामुळे चुकला असता तरी फक्त पितळेचा तुकडा फुकट गेला असता.

बेड, मोटर, पट्टा

बेडवर एमरी पेपर लावला नाही. तेल आणि सगळ्यात बारीक पोलादी लोकरीने गंज पुसला, मग सपाट बारीक दगड तेलावर, वजन न देता फिरवला, फक्त उठलेले कण बसवण्यासाठी. खड्डे राहिले. निकेलचे सुटलेले पापुद्रे काढले आणि कडा मऊ केल्या. नवा मुलामा दिला नाही, कारण मुलाम्याची जाडी बसण्याच्या पृष्ठभागांवर आली तर मापं बदलतात. आम्लाचा विचार आधीच सोडला होता. कडक पोलादात त्यामुळे हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतं.

जुनी मोटर निवृत्त केली. धातूचं कवच, अर्थिंग नाही, इन्सुलेशन चुरा झालेलं; हातात ओल्या तेलाचं अवजार आणि पायाखाली तसलंच पेडल, या जोडीवर चर्चा नको. तिच्या जागी २४ व्होल्टची डीसी मोटर घरच्या विजेपासून वेगळ्या केलेल्या पुरवठ्यावर बसवली, वेग कमी-जास्त करायच्या बटणासह आणि दिशा उलटायच्या स्विचसह.

पट्टा जुना, चामड्याचा, टोकं तारेच्या कडीने जोडलेली. ती कडी पुलीवरून जाताना प्रत्येक फेऱ्याला टिक् करते आणि पिव्हटच्या पॉलिशवर तो ठोका उमटतो. ४ मिमीचा पॉलियुरेथेनचा गोल पट्टा घेतला. लागणाऱ्या लांबीपेक्षा सुमारे ५ टक्के आखूड कापला. दोन्ही टोकं तापलेल्या सुरीच्या पात्याला एकदम टेकवून वितळवायची, पातं झटकन काढून टोकं सरळ रेषेत दाबून मिनिटभर धरायची, मग दहा मिनिटं हात लावायचा नाही. बाहेर आलेली झालर नेलकटरने कापली. पहिला सांधा वाकडा आला आणि दर फेऱ्याला उडी मारू लागला, दुसरा जमला.

निष्पत्ती

३ मिमीच्या पितळी सळईवर १ मिमीची पायरी हातातल्या ग्रेव्हरने कातून व्ही-ब्लॉकमध्ये इंडिकेटरखाली फिरवली: गोलाईत फरक २ मायक्रॉनच्या आत. बेअरिंगचा डाग कामात दिसत नाही.

नंतर बॅलन्स स्टाफ. पहिले दोन पिव्हट मोडल्याने गेले. त्यात लेथचा दोष नव्हता, ग्रेव्हर बोथट होता आणि कापण्याऐवजी दाबत होता. तिसरा उतरला. स्टाफ उलटा धरून दुसरी बाजू कातायची वेळ आली तेव्हा कोलेटवर विसंबले नाहीत. लेथमध्ये धरलेल्या पितळेच्या चकात (गोल तुकड्यात) जागेवरच शंकूसारखा खळगा कातून स्टाफ लाखेत बसवला आणि लाख मऊ असताना लाकडी काडी टेकवत त्याचं डोलणं घालवलं. १२ मायक्रॉनच्या कोलेटचा प्रश्न तिथेच संपला.

वेगळं काय करता आलं असतं

आटे आधी, खरेदी नंतर. पाण्याच्या द्रावणाऐवजी रॉकेल. ग्रब स्क्रूच्या छिद्रात उजेड. या तिन्हीमुळे मिळून तीन संध्याकाळी आणि चार कोलेट वाचले असते.

मोजणीची चूक वेगळ्या जातीची आहे. आज पुढच्या बेअरिंगमध्ये ४ मायक्रॉनचा खेळ आहे आणि नट आणखी आवळला की स्पिंडल तापतो. हा खेळ मूळचा, शंभर वर्षांच्या वापराचा, की त्या एका रात्रीच्या गंजाचा आणि तो चोळून काढण्याचा, हे सांगायला उघडण्याआधीचा आकडा लागतो. तो घेतलेला नाही. पुढे कधी खेळ ६ किंवा ७ झाला, तर तुलनेला ४ हा आकडा आहे. पेटीच्या झाकणावर तारखेसह तो पेन्सिलने लिहिला आहे, त्याच्याखाली तेलाचा दर्जा आणि नटाची जागा.